नदाफचे शहाण्णव गुण

"शहाण्णव," शेटे मॅडम म्हणाल्या. प्रमाणपत्र टेबलावर ठेवून त्यांनी त्यावर चष्मा ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून. "शंभरपैकी शहाण्णव. बरोबर?"

"असतील," दस्तगीर नदाफ म्हणाला.

"असतील म्हणजे? तुमचंच आहे ना हे प्रमाणपत्र?"

"नाव माझंच हाय, मॅडम."

नगरपरिषदेच्या सभागृहात साठ खुर्च्या होत्या आणि माणसं आम्ही चारच. शेटे मॅडम निवृत्त उपजिल्हाधिकारी. विभागीय चौकशीसाठी त्यांना नेमलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला पाणीपुरवठा अभियंता उगले, प्रशासनाची बाजू मांडायला. समोर दस्तगीर, जलशुद्धीकरण केंद्रावरचा फिटर, ज्याच्यावर आरोप होता तो. आणि डाव्या हाताला मी, पद्माकर रेठरेकर, अभिलेखाच्या खोलीतला कारकून. माझं अक्षर बरं होतं आणि मी मधे बोलत नसे. जबाब लिहून घ्यायला मला बसवलं ते त्यामुळेच.

"पाणीपुरवठा विभागात सर्वांत जास्त गुण यांचे आहेत," उगले म्हणाले. "माझेसुद्धा ब्याण्णव. ही उत्तरपत्रिकेची प्रत. प्रश्न सतरावा. क्लोरीनच्या सिलिंडरला गळती लागल्यास काय करू नये? यांचं उत्तर, पाणी ओतू नये. आता मॅडम, गळती लागली तेव्हा यांनी काय केलं? तीन बादल्या पाणी ओतलं. माहीत असून ओतलं."

दस्तगीर खोकला. खोकला थांबेपर्यंत शेटे मॅडम थांबल्या.

"काही सांगायचंय, नदाफ?"

"न्हाई."

"दोष सिद्ध झाला तर नोकरी जाईल. हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

मॅडमनी घड्याळात पाहिलं. "दीड वाजला. अडीचला जबाब पुरा करू."

मी कागद गोळा केले. कागदांच्या कडा जुळवायला मला फार वेळ लागला, एवढं आठवतं.

झालं होतं ते असं. ऑगस्टमध्ये एका सुट्टीच्या दिवशी भर दुपारी केंद्रातल्या एका सिलिंडरला गळती लागली. पिवळसर हिरवा वायू जमिनीलगत सरकत मागच्या वसाहतीत शिरला. एकोणीस माणसं दवाखान्यात न्यावी लागली, त्यांत एक बाळंतीणही होती. सगळी वाचली. पाळीवर दस्तगीर एकटा होता. त्यानं तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि सिलिंडरवर पाणी ओतलं. क्लोरीनमध्ये पाणी मिसळलं की आम्ल होतं, ते धातू खातं. गळती दुप्पट झाली. मग तो पुन्हा आत गेला आणि पान्यानं झडप आवळून त्यानंच ती बंद केली. खोकला तेव्हापासूनचा. आरोपपत्रात पाण्याच्या बादल्या होत्या, झडपेचं नाव नव्हतं.

आणि गुणांचं असं. आदल्या वर्षी वरून आदेश आला होता की नगरपरिषदेतल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं, कर्मचाऱ्यानं क्षमताबांधणीचे ऑनलाइन अभ्यासक्रम मार्चअखेर पूर्ण करावेत. घनकचरा, करवसुली, आपत्ती व्यवस्थापन, पाणीपुरवठा. आम्ही अठ्ठावन्न जण होतो. मुख्याधिकारी बोडखे नवे होते, तिशीतले आणि हुशार. त्यांना शंभर टक्के हवं होतं. फेब्रुवारीत त्यांनी बैठक घेतली आणि विचारलं, "इथं वाचनाची आवड कुणाला आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी अभिलेखाच्या खोलीत संगणकासमोर बसलो. एकेकाच्या नावानं आत शिरायचं, धडा वाचायचा, परीक्षा द्यायची. आत शिरताना ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ओटीपी जाई. मी खोलीतून हाक मारायची, "करविभाग," की पलीकडून कुणीतरी सहा आकडे ओरडायचं. दस्तगीर केंद्रावरून फोन करून सांगायचा. दुपारच्या चहाला लोक विचारायचे, "रेठरेकर, मी पास का?" आणि मी म्हणायचो, "झालात." कुणी म्हणे, "पेढे तुम्हीच द्या मग."

गुणांचीही रीत पडली. बोडखेंना अठ्ठ्याण्णव, अभियंत्यांना थोडे कमी, लिपिकांना ऐंशीच्या घरात, आणि फिटर, मुकादम, व्हॉल्व्हमन यांना साठ-पासष्ट. तेवढे पडावेत म्हणून मला मुद्दाम चुका कराव्या लागत. करवसुलीत चुका करताना काही वाटलं नाही. क्लोरीनच्या परीक्षेत मात्र हात अडला. ज्या उत्तरावर माणसाचा जीव असतो ते जाणूनबुजून चुकीचं द्यायचं, हे माझ्याच्यानं होईना. दस्तगीरला शहाण्णव पडले. उगले दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "फिटरला माझ्या डोक्यावर बसवलंत होय?" एवढंच म्हणाले.

खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडले. बत्तीस वर्षं मी इतरांचे कागद सांभाळत होतो. आता मी सहा आठवडे रोज काहीतरी नवं शिकत होतो आणि त्याचा कुणाला तरी उपयोग होत होता, असं मला वाटत होतं. एप्रिलमध्ये बोडखेंना शंभर टक्क्यांची ढाल मिळाली. ती त्यांच्या खोलीत भिंतीवर लागली.

दीड वाजता मी सभागृहामागे गेलो. जनरेटरच्या शेडला टेकून दस्तगीर डबा उघडत होता.

"या अण्णा. भाकरी खाता?"

"नको."

"मग हुबं कशाला? बसा की."

मी बसलो. विचारू की नको असं करत शेवटी विचारलं, "दस्तगीर, पाणी का ओतलंस रे?"

"सकाळपास्नं ती दोघं इचारत्यात, आता तुमी." त्यानं चटणीत भाकरी बुडवली. "टीसीएलची ब्लिचिंग पावडर उडली की आमी पाणी मारतो. बसती खाली. वास तसलाच आला. वाटलं, हे बी बसंल."

"ओतू नये, असं कुणी सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगणार? परीक्षा तर तुमी दिली."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यानं ते भाकरी मोडता मोडता सांगितलं, जसं कुणी सांगावं की आज बाजार बंद आहे. मला त्या धड्यातलं चित्र आठवलं. सिलिंडर, त्यावर कलंडलेली बादली, आणि बादलीवर लाल फुली. ते पान मला पाठ होतं. केंद्र आमच्या कचेरीपासून वीस मिनिटांच्या अंतरावर होतं आणि ते पान घेऊन मी तिथं कधी गेलो नव्हतो.

"हेच मॅडमना सांग मग."

"काय सांगू? परीक्षा मी दिली न्हाई, नुसता ओटीपी दिला? मी तर जातोय. संगं तुमाला बी घिऊन जाऊ? तीन म्हयनं ऱ्हायल्यात तुमचं रिटायर व्हायला. गप पुस्तकं वाचत बसा घरात."

"आणि तू?"

"बघू. ह्या छातीवर कोण काम देतंय. थोरलीची कॉलेजची दोन वर्सं हायत, तेवढं कसंबी." मग तो हसायला लागला. "पर अण्णा, शहाण्णव कशाला पाडलं ओ? पासष्ट पाडली असती तर म्हटलो असतो, चुकलेली पस्तीस हायत न्हवं, त्यातलंच हे एक."

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात शिपाई सांगत आला की साहेबांनी बोलावलंय.

बोडखे खिडकीशी उभे होते.

"जबाब कुठपर्यंत आलाय, रेठरेकर?"

"अर्धा झालाय, साहेब."

"प्रशिक्षणाचा मुद्दा स्वच्छ येऊ द्या. नदाफनं प्रशिक्षण घेतलं होतं, त्याला माहीत होतं, तरी त्यानं केलं. बाकी फापटपसारा नको. वसाहतीचे लोक मोर्चा काढायच्या बेतात आहेत. एका माणसाची चूक होती हे दिसलं की विषय संपतो."

"पण साहेब, ते प्रशिक्षण..."

"पूर्ण झालं होतं. शंभर टक्के. तुम्ही किती राबलात ते मला माहीत आहे." ते हसले. तसे ते चांगलं बोलणारे होते. "तुमचे निवृत्तीचे कागद माझ्याकडे आलेत. बघतोय मी."

"हो, साहेब," मी म्हणालो. त्या खोलीत मी आयुष्यभर एवढंच बोलत आलो होतो.

अडीचला आम्ही परत बसलो. शेटे मॅडम पक्का जबाब पहिल्यापासून सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मी दस्तगीर इमाम नदाफ, वय सेहेचाळीस, धंदा नोकरी. कधीपासून नोकरीत, त्या दिवशी किती वाजता पाळीवर आलो, वास कधी आला. मग त्यांनी एक वाक्य जुळवलं आणि सावकाश सांगितलं.

"सदर अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून, गळतीवर पाणी ओतू नये हे मला माहीत होते." त्यांनी दस्तगीरकडे पाहिलं. "बरोबर?"

दस्तगीरनं माझ्याकडे पाहिलं नाही. "लिवा," तो म्हणाला.

मी लिहायला लागलो. 'हे मला' इथपर्यंत आलो आणि पुढचे दोन शब्द काही लिहिता येईनात. मला माहीत होते. ते वाक्य खरं होतं, पण ते दस्तगीरचं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी हे लिहिणार नाही."

"ऐकू आलं नाही का? परत सांगते."

"ऐकू आलं. लिहिणार नाही."

"रेठरेकर," उगले म्हणाले, "तुम्हाला लिहायला बसवलंय. मत द्यायला नाही."

"मत नाही देत." माझा आवाज इतका बारीक आला की मॅडम पुढे वाकल्या. "त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ती परीक्षा मी दिली."

"अण्णा, गप बसा," दस्तगीर म्हणाला.

"नदाफची परीक्षा तुम्ही दिलीत?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यांची दिली. अठ्ठावन्न."

उगले हसले. मोकळेपणानं हसले, थट्टेवारी न्यावं तसे. "मॅडम, फार सज्जन माणूस आहेत हे. नदाफची दया आलीय त्यांना. निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो. अठ्ठावन्न माणसांच्या परीक्षा एकटा माणूस देईल, पटतं का तुम्हाला?"

मॅडम हसल्या नाहीत. "पुरावा आहे का काही?"

मला पुरावा सुचेना. ओटीपी ज्याच्या त्याच्या फोनवर गेले होते, प्रमाणपत्रं ज्याच्या त्याच्या नावानं निघाली होती. माझं नाव कुठंच नव्हतं. क्षणभर वाटलं, उगले म्हणतात तेच बरं आहे, हळवा झालो म्हणावं आणि पेन उचलावं. आणि मग मला ती चौकट आठवली.

प्रत्येक अभ्यासक्रमाच्या शेवटी एक रिकामी चौकट असे. 'या प्रशिक्षणानंतर आपण आपल्या कामात कोणता बदल कराल?' किमान पन्नास शब्द भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नसे. ठिकठिकाणी लोक त्यात तोच मजकूर चिकटवत असतील. मला ते जमलं नाही. मी प्रत्येकाच्या जागी बसून विचार करत असे की हा धडा या माणसानं स्वतः वाचला असता तर त्याला काय वाटलं असतं, आणि ते लिहीत असे. कुणीही वाचणार नाही याची खात्री होती, म्हणून जरा मोकळेपणानं लिहीत असे.

"अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाच्या नावानं चार ओळी लिहिल्यात. समन्वयकाच्या नावानं आत गेलं की सगळ्यांचं दिसतं," मी म्हणालो. "ते काम माझ्याकडेच आहे. उघडू का?"

मॅडमनी आपला लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. माझी बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा यादी आली. मॅडमनी चष्मा लावला, दस्तगीरचं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'आमच्या केंद्रात श्वसनाचा मुखवटा नाही. एक होता, त्याची काच तीन वर्षांपूर्वी फुटली. मुखवटा मिळाल्याशिवाय या अभ्यासक्रमातील सातवा भाग मला आचरणात आणता येणार नाही. रात्रपाळीला आणि सुट्टीच्या दिवशी मी एकटा असतो. दुसरा माणूस नसताना गळतीच्या खोलीत जाऊ नये असे आपण शिकवता. मग मी काय करावे, हे कृपया कळवावे.'" त्या थांबल्या. "नदाफ, हे तुम्ही लिहिलंत?"

"न्हाई मॅडम. मला सही येती, एवढं येत न्हाई. पर खरं हाय ते. अण्णांनी फोनवर इचारलं हुतं, मुखवटा हाय का. मी म्हटलं, हाय, फुटका."

तेव्हा मला लाज वाटली. मुखवटा नाही हे मला मार्चमध्येच कळलं होतं. ते मी नीटनेटक्या भाषेत अशा ठिकाणी लिहिलं होतं जिथं कुणी वाचत नाही, आणि वर समाधानानं घरी गेलो होतो.

"म्हणजे बघा," उगले म्हणाले, "सातव्या भागात काय आहे हे नदाफला..."

"थांबा. आता तुमचं बघते." मॅडम खाली सरकल्या. "सुनील उगले, पाणीपुरवठा अभियंता. 'मुखवट्यांची मागणी नोंदवणे हे माझे काम आहे. तीन वर्षे मी ते केले नाही. या महिन्याच्या आत दोन मुखवटे केंद्रावर ठेवीन. पाळीवरच्या प्रत्येक माणसाला गळतीच्या वेळी काय करावे आणि काय करू नये हे मी स्वतः जाऊन शिकवीन. सिलिंडरवर पाणी ओतण्याची सवय आमच्या लोकांत असू शकते, ती आधी मोडावी लागेल.' तारीख अकरा मार्च."

त्यांनी लॅपटॉपवरून नजर काढली.

"गळती ऑगस्टमध्ये झाली. उगले, हे तुम्ही लिहिलंत का?"

उगलेंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"साधं विचारतेय. लिहिलं असेल तर ते दोन मुखवटे कुठं आहेत ते सांगा. लिहिलं नसेल तर तुमचे ब्याण्णव गुण कुणाचे, ते सांगा."

उगलेंनी कागद उचलले, परत ठेवले. मग माझ्याकडे वळले. "रेठरेकर, माझ्या नावावर तुम्ही असलं लिहिलंत? मला न विचारता?"

"मला वाटलं," मी म्हणालो, "तुम्ही स्वतः वाचलं असतंत तर हेच लिहिलं असतंत."

मी खरंच तसं समजत होतो. पण ते ऐकून उगले उठून बाहेर गेले, आणि पाचच मिनिटांत बोडखेंना घेऊन आले.

"मॅडम," बोडखे दारातूनच म्हणाले, "चौकशी एका फिटरची आहे."

"सकाळपर्यंत होती," शेटे मॅडम म्हणाल्या. "बसा. तुमच्या चौकटीत लिहिलंय की रुजू झाल्यापासून तुम्ही शुद्धीकरण केंद्रावर एकदाही गेला नाहीत आणि यापुढे दर महिन्याला जाल. गेलात का?"

बोडखे बसले नाहीत. "रेठरेकर, बाहेर या. दोन मिनिटं."

माझे पाय उठायला निघालेच होते. सवय होती ती. मी खुर्चीचे हात धरले.

"जबाब चालू आहे, साहेब."

"कुणाचा?"

"माझा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी टेबलाकडे बघत होतो. तेवढा शूर मी त्या दिवशीही नव्हतो. पण उठलो नाही. शेवटी तेच गेले, आणि त्यांच्या मागे उगले.

शेटे मॅडमनी कोरा कागद घेतला. "रेठरेकर, तुम्हाला विचार करायला उद्यापर्यंत वेळ देते. तुमच्यावर काय येईल याची कल्पना आहे ना? निवृत्तीच्या तोंडावर आहात."

"आजच लिहा, मॅडम. उद्या मला धीर राहील की नाही, माहीत नाही."

माझा जबाब मला लिहून घेता येणार नव्हता. मॅडमनी स्वतः पेन घेतलं. त्यांचं अक्षर फार वाईट होतं. मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या, आणि दस्तगीर समोरच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. शेवटचं वाक्य मी सांगितलं, "गळतीवर पाणी ओतू नये हे मला माहीत होते, नदाफ यांना माहीत नव्हते, आणि ते त्यांना मी सांगितले नाही." मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "शेवटचा भाग चौकशीला लागत नाही." मी म्हणालो, "मला लागतो." त्यांनी लिहिला.

संध्याकाळी माझ्या निलंबनाचा आदेश निघाला. कारण होतं शासनाची फसवणूक, आणि ते खोटंही नव्हतं. महिन्याभरानं शेटे मॅडमचा अहवाल आला. माहीत असून पाणी ओतल्याचा आरोप दस्तगीरवर सिद्ध झाला नाही. तो कामावर परतला. बाकीच्या सत्तावन्न प्रमाणपत्रांबद्दल अहवालात चार पानं होती. त्यांचं पुढे काय झालं मला कळलं नाही. दोन मुखवटे मात्र आले.

दस्तगीर एका रविवारी घरी आला.

"अण्णा, मुखवटं आल्यात. खोक्यातच हायत. कुणाला घालायचं ठावं न्हाई. उगले सायेब म्हंत्यात, ऑनलाइन बघा." तो जरा चाचरला. "तुमी ते सगळं धडं वाचल्यात न्हवं?"

"वहीत उतरवलेले आहेत."

"मग या की."

"मला आत पाऊल टाकता येत नाही. निलंबित आहे मी."

"आत कोण म्हंतंय? तुमी फाटकापोतर या. आमी भाईर येतो."

त्या शुक्रवारी चार वाजता, पाळी बदलताना, मी केंद्राच्या फाटकाबाहेर गेलो. तिथं बिडाचे जुने पाइप पडले होते. त्यांवर सात-आठ जण बसले, फिटर, व्हॉल्व्हमन, पंपावरचे दोघे. मी उभा राहून वही उघडली. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांसमोर काही वाचत होतो. पहिल्या पानावर माझा श्वास पुरेना. "अण्णा, जरा दमानं," पंपावरचा एक जण म्हणाला, "आमाला कुटं प्रमाणपत्र पायजे." सगळे हसले, मीही हसलो, आणि मग जमलं. पुढच्या शुक्रवारी बारा जण आले. त्यापुढच्या शुक्रवारी वसाहतीतल्या दोन बायकाही येऊन बसल्या.

चौथ्या शुक्रवारी बोडखेंची गाडी आली. पाइपांच्या पलीकडे, उताराच्या बाजूला थांबली. बोडखे उतरले.

"हे काय चाललंय?"

"वाचन, साहेब."

"तुम्ही निलंबित आहात. केंद्राच्या आवारात तुम्हाला येता येत नाही."

"आवार फाटकाशी संपतं. ही जागा पाटबंधारे खात्याची आहे. मोजणीचा नकाशा अभिलेखाच्या खोलीत तिसऱ्या कपाटात आहे, खालून दुसरा कप्पा. बघून घ्या."

कुणीतरी खुसफुसलं. बोडखेंनी तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रेठरेकर, अजून वेळ गेलेली नाही. त्या दिवशी तब्येत बरी नव्हती, गोंधळात बोलून गेलो, एवढं लिहून द्या. मी तुमचे निवृत्तीचे कागद पुढे पाठवतो. नाहीतर तुम्हाला वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतील."

"घालीन."

"हट्ट आहे हा."

"असेल, साहेब. पण लिहून देणार नाही."

ते तसेच उभे राहिले. मी काय करावं ते मला सुचेना. वहीवरची ओळ हरवली होती. मागून एक व्हॉल्व्हमन म्हणाला, "अण्णा, पाणी वतायचं न्हाई, ते कळलं. मग पळायचं कुठं, ते सांगा की."

मी ओळ शोधली. "वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला. आणि उंचावर. वायू हवेपेक्षा जड असतो, उताराकडे जातो."

दस्तगीर उठला. त्यानं चिमूटभर माती उचलून हातभर उंचावरून सोडली. माती बोडखेंच्या गाडीकडे गेली. मग एकेक करून सगळे उठले आणि वाऱ्याकडे तोंड करून, केंद्राच्या कुंपणाबाहेरून वर जाणाऱ्या चढावर जाऊन उभे राहिले. त्या दोन बायकाही पदर सावरत तिकडे गेल्या. मी वही घेऊन त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. खाली बोडखे, त्यांचा ड्रायव्हर आणि गाडी एवढेच उरले.

"सायेब," दस्तगीर वरून म्हणाला, "गाडी तेवढी हलवा. आत्ता वायू सुटला तर पयला तुमच्याच अंगावर यील."

मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.